टाचणातली उत्तरे आणि वर्गातली मुले

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे

विषय : छात्राध्यापकांचे सराव पाठ आणि वर्गातला संवाद

महोदय,



दर वर्षी छात्रसेवाकाल सुरू झाला की महाराष्ट्रातल्या शाळांच्या आवारात नवे चेहरे दिसू लागतात. काखेत गुंडाळलेले तक्ते, पिशवीत रंगीत खडू, हातात प्राध्यापकांची सही घेतलेले पाठ टाचण. मुलांच्या लेखी हे 'बी.एड.चे सर' नाहीतर 'डी.एड.च्या बाई'. अभ्यासक्रमाचे नाव बदलून डी.एल.एड. झाले, पण मुलांनी ते अजून मनावर घेतलेले नाही. तास सुरू होतो, शेवटच्या बाकावर मार्गदर्शक निरीक्षण वही उघडून बसतात आणि तास संपला की शेरा मिळतो : फलक लेखन सुवाच्य, आवाजात चढउतार हवा, साहित्याचा वापर योग्य वेळी.

या शेऱ्यात एक गोष्ट सहसा नसते. त्या तासात मुले काय बोलली, त्याची नोंद.

हे पत्र त्या राहून गेलेल्या नोंदीबद्दल आहे. ते आपल्याला लिहिण्याचे कारण सरळ आहे. डी.एल.एड.चा अभ्यासक्रम आपल्या परिषदेतून तयार होतो आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या 'डाएट' (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आपल्या मार्गदर्शनाखाली चालतात. बी.एड.चा अभ्यासक्रम विद्यापीठे ठरवतात, हे खरे. तरी राज्यात चांगला पाठ कशाला म्हणायचे, याचा वस्तुपाठ आपल्या परिषदेने घालून दिला तर विद्यापीठांना तो डावलणे जड जाईल.

छात्राध्यापकाच्या अडचणीचे मूळ टाचणाच्या पानावरच सापडते. पान उभे विभागलेले असते. एका रकान्यात शिक्षक कृती, दुसऱ्यात विद्यार्थी कृती. पहिल्यात प्रश्न, आणि दुसऱ्यात मुलाचे उत्तर, जे मुलाची गाठ पडण्याआधी आदल्या रात्रीच लिहून झालेले असते. घटक 'वनस्पतींचे अन्न' असेल तर प्रस्तावना साधारण ठरलेली. सकाळी तुम्ही काय खाल्ले? पोळीभाजी. ती कोणी केली? आईने. गाय काय खाते? गवत. मग गवत काय खाते? इथे मुले गप्प बसणार, असे टाचणात गृहीत धरलेले असते, कारण त्या गप्प बसण्यावरच पुढचे हेतुकथन उभे असते : 'तर मुलांनो, आज आपण पाहणार आहोत...' ज्या शाळेत दर वर्षी छात्राध्यापक येतात तिथल्या मुलांना हा खेळ तोंडपाठ असतो. कुठे बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे, हे त्यांना नव्या बाईंपेक्षा नीट ठाऊक असते.

पण एखादा मुलगा गप्प बसत नाही. तो म्हणतो, 'गवत माती खातं.' टाचणात हे उत्तर नाही. बाई गडबडतात, त्यांची नजर मागच्या बाकाकडे जाते, मग 'नाही, खाली बस. दुसरं कोण सांगेल?' आणि पाठ ठरल्या वाटेने पुढे सरकतो.

खरे तर पाठ तिथेच थांबायला हवा होता. मुलाचे उत्तर चूक आहे, पण वेडगळ नाही. झाड मातीच खाऊन वाढते, ही समजूत शहाण्यासुरत्या माणसांनी शतकानुशतके बाळगली. ती तपासायला सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या संशोधकाने २०० पौंड वाळवलेली माती तोलून कुंडीत भरली, विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाडाचे वजन दीडशे पौंडांहून जास्त वाढले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती अवघी दोनेक औंस कमी भरली. यावरून त्याने काढलेला निष्कर्षही चूकच निघाला, कारण झाड नुसत्या पाण्यापासून बनते असे त्याला वाटले आणि हवेतल्या वायूचा हिशेब त्याच्या ध्यानात आला नाही. म्हणजे मातीचे नाव घेणाऱ्या त्या मुलाने प्रकाशसंश्लेषणाच्या इतिहासाचे पहिले पान आपणहून उघडून दिले होते. 'माती खातं म्हणतोस? मग कुंडीतली माती दर वर्षी कमी व्हायला हवी. तुमच्या घरच्या तुळशीचं काय होतं?' एवढे विचारले असते तरी वर्गात दोन तट पडले असते. कोणी म्हणाले असते की आजी दर वर्षी नवी माती घालते, कोणी म्हणाले असते की ती पावसात वाहून जाते म्हणून घालते. हेतुकथनाची गरजही उरली नसती.

गणितात तर हे रोजचेच. बेचाळीसातून सतरा वजा करताना मूल पस्तीस लिहिते. यात हलगर्जीपणा नसतो. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा एक पक्का नियम त्या मुलाने मनाशी बांधलेला असतो. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. लाल फुलीने हा नियम हलत नाही. 'कसं केलंस ते सांग बरं' असे म्हटले आणि ऐकून घेतले तरच तो बाहेर येतो. छात्राध्यापकाला वजाबाकीच्या पायऱ्या येतात, फळ्यावर दशकाची काडी सोडवून दाखवता येते. मुलाने केलेली वजाबाकी ऐकायची कशी, हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते.

गंमत अशी की हे सारे अभ्यासक्रमाला अनोळखी नाही. नेड फ्लँडर्स या अमेरिकी संशोधकाची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत बी.एड.चे विद्यार्थी परीक्षेसाठी घोकतात. दर तीन सेकंदांनी वर्गात कोण काय बोलते, याची दहा प्रकारांत नोंद करायची ही पद्धत. त्यांतले सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा शांतता किंवा गोंधळ यांचा. शांतता आणि गोंधळ एकाच खान्यात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. फ्लँडर्स यांना आढळले ते असे : तासाच्या दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते, त्या बोलण्याचे दोन तृतीयांश शिक्षकाचे असते आणि शिक्षकाच्या बोलण्यापैकी दोन तृतीयांश सांगणे, आदेश देणे, चुका काढणे यांत जाते. छात्राध्यापक दहा प्रकारांची नावे क्रमाने लिहितो, गुण मिळवतो, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पाठात तेच प्रमाण जसेच्या तसे उतरवतो. स्वतःच्या एका तरी पाठाचे असे विश्लेषण त्याच्याकडून करून घेणारी अध्यापक विद्यालये विरळाच.

मेरी बड रो यांचे काम याहून सोपे आणि जास्त उपयोगाचे. विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकत या बाईंनी फक्त थांबण्याचा काळ मोजला. १९७४ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, मग प्रश्न पुन्हा विचारतात, बदलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. मुलाने उत्तर दिल्यावरही तितक्याच घाईने बोलतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, उत्तरच न येण्याचे प्रमाण घटले, मुले न विचारता बोलू लागली आणि एकमेकांचे म्हणणे पुढे नेऊ लागली. शिक्षकांनी 'कच्ची' ठरवलेली मुलेही बोलती झाली. एरवी याच मुलांच्या वाट्याला थांबणेही कमी येत होते. ज्याला विचार करायला जास्त वेळ हवा, त्यालाच सगळ्यांत कमी वेळ.

तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असे घरात बसून वाटते. पंचवीस वर्षांच्या, अंगाला घाम फुटलेल्या, मागच्या बाकावरच्या लेखणीकडे चोरून पाहणाऱ्या छात्राध्यापकाला मात्र ते संपता संपत नाहीत. वर्ग शांत झाला म्हणजे आपला प्रश्न फसला, असे त्याला वाटते. पुष्कळ मार्गदर्शकांनाही तसेच वाटते. म्हणून तो उत्तर स्वतःच देऊन टाकतो.

आणि मग येतो मराठी वर्गांतला सर्वांत लाडका प्रश्न : 'समजलं का?'

त्याला एकच उत्तर असते, लांबलचक सुरातले 'होऽऽ'. हे 'हो' समजल्याचे नसते. बाईंना बरे वाटावे म्हणून, किंवा त्यांनी पुढे जावे म्हणून, वर्गाने दिलेली ती पोचपावती असते. चाळीस मुलांच्या सुरात न समजलेली बारा मुले सहज लपतात. 'कोणाला काही शंका?' या प्रश्नाचेही तसेच. शंका विचारायला आधी बरेच काही समजलेले असावे लागते, शिवाय वर्गासमोर अडाणी ठरण्याची तयारी लागते. त्यापेक्षा 'आत्ता मी जे सांगितलं ते शेजारच्याला तुझ्या शब्दांत सांग' असे म्हणून दोन मिनिटे बाकांमधून फिरावे. खरे काय समजले आणि काय घोटाळा झाला, ते कानावर पडते. वर्गात गलका होतो, हे खरे. पण तो कामाचा गलका असतो, आणि निरीक्षण पत्रकात त्याला 'वर्ग नियंत्रण कमी' असे म्हणू नये, एवढीच अपेक्षा.

कौतुकाचेही असेच होऊन बसले आहे. सूक्ष्म अध्यापनात (एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठांत) प्रबलन नावाचे कौशल्य असते, म्हणजे मुलाच्या प्रतिसादाला दाद देणे. छात्राध्यापक ते इतके मन लावून शिकतो की प्रत्येक उत्तरामागे 'छान', 'शाब्बास', 'अगदी बरोबर', क्वचित 'टाळ्या वाजवा याच्यासाठी' असे ठोकत जातो. ह्यू मेहन या अभ्यासकाने १९७९ साली वर्गातल्या बोलण्याचा जो तीन पदरी साचा दाखवला (शिक्षक विचारतो, मूल उत्तर देते, शिक्षक निकाल देतो) त्यातला हा तिसरा पदर. निकाल लागला की बोलणे संपते. 'शाब्बास'च्या जागी 'असं का वाटतं तुला?' किंवा 'ती म्हणते ते पटतं का रे?' आले तर तेच बोलणे पुढे चालू राहते. ज्याचे उत्तर बरोबर आहे त्यालाही 'का?' विचारावे, नाहीतर 'का?' म्हणजे चुकलो, हे मुले लगेच ताडतात.

बाकांची मांडणीही यात भर घालते. रेमंड ॲडम्स आणि ब्रूस बिडल यांनी १९७० साली चित्रीकरणावरून दाखवले होते की शिक्षकाचा संवाद मुख्यतः पुढच्या आणि मधल्या बाकांशी होतो, कडेची मुले बोलण्याच्या बाहेरच राहतात. छात्राध्यापकाच्या बाबतीत हा पट्टा आणखी अरुंद होतो. त्याला मुलांची नावे ठाऊक नसतात. 'तू, हां, तू नाही, तुझ्या मागचा' अशी हाक मारताना ज्याच्याशी नजर मिळते तोच उभा राहतो, आणि नजर मिळवणारी मुले पुढे बसलेली असतात. निरीक्षणाच्या दिवशी वर्गशिक्षक हुशार मुलांना पुढे आणून बसवतात, ते वेगळेच.

आता भाषेकडे यावे लागेल, कारण महाराष्ट्रात या प्रश्नाचे सगळ्यांत मोठे दुखणे तिथे आहे.

अकोला-वाशीमकडच्या एखाद्या वर्गात बी रुजण्याविषयी प्रश्न विचारला आणि मुलगी उठून म्हणाली, 'सर, आमच्या वावरात सोयाबीन निंघून राह्यलं.' तिच्याकडे ताजे, डोळ्यांनी पाहिलेले उत्तर आहे. बी किती दिवसांनी फुटले, आधी मूळ आले की पान, पाऊस लांबला तेव्हा काय झाले, हे सारे ती सांगू शकेल. छात्राध्यापक म्हणतो, 'निघत आहे, असं म्हण.' ती 'निघत आहे' म्हणते आणि खाली बसते. पुढच्या वेळी हात वर येत नाही. प्रमाणभाषा शिकवायची नाही, असे कोणी म्हणत नाही. ती लिहिण्याच्या तासाला, वाचनातून, वेळ घेऊन शिकवावी. विज्ञानाच्या तासाला वाक्य दुरुस्त करून ज्ञान घालवू नये. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतल्या विविधतेवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि मग त्याच गावात प्रगत शिक्षण संस्था उभारून मुलांना वाचायला शिकवले. अमेरिकेतून आलेल्या बाईंनी आधी गावाचे बोलणे कान देऊन ऐकले, मग खडू हातात घेतला. हा क्रम छात्राध्यापकाच्या अभ्यासक्रमात यायला हवा.

आदिवासी भागात तर बोली आणि प्रमाणभाषा एवढ्यावर भागत नाही, भाषाच वेगळी असते. धारणी आणि चिखलदऱ्यातली कोरकू ही मुंडा कुळातली, भामरागडची माडिया द्रविड कुळातली. पहिलीतले मूल पहिल्या दिवशी ज्या मराठीत बसते, ती त्याच्यासाठी आपल्याला संथाळी किंवा तेलुगू असावी तशी परकी. डहाणू-तलासरीची वारली किंवा खानदेशातली अहिराणी मराठीला जवळच्या, पण म्हणून छात्राध्यापकाला त्या येतात असे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात शक्य तितके मातृभाषेतून शिकवण्याची आणि मुलाला भीती-दडपणापासून मोकळे करून बोलते करण्याची अपेक्षा शेजारी शेजारी लिहिलेली आहे. कायदा २००९चा. छात्राध्यापकाच्या मूल्यमापनात मात्र, शाळेच्या परिसरातल्या भाषेत साधे दोनचार प्रश्न त्याला विचारता येतात का, हे आजही कोणी पाहत नाही.

अंकांची नावे हाही असाच संवादाचा भाग. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर 'वीस सात' असे वाचन आले आणि राज्यभर हसू उडाले. विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वांनी त्यावर विनोद केले. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचे म्हणणे साधे होते. आपण सत्तावीस म्हणताना आधी सात उच्चारतो आणि लिहिताना आधी दोन लिहितो, त्यात जोडाक्षरे, त्यामुळे कित्येक मुले अडखळतात आणि गणितालाच भिऊ लागतात. हा बदल योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण वर्गातल्या मुलाच्या कानावर संख्या कशी पडते, याचा विचार मोठ्या माणसांनी इतक्या गंभीरपणे केल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल, आणि त्याचे स्वागत आपण थट्टेने केले.

महात्मा फुल्यांनी हे फार आधी ओळखले होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, असे सुचवले. त्यांचे कारण नेमके होते : असा शिक्षक त्या मुलांत मोकळेपणाने मिसळेल, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्याला चांगल्या कळतील, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वासला हातात धरायला त्याला लाज वाटणार नाही. त्याच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे, असेही त्यांनी म्हटले. आज छात्राध्यापकांमध्ये सर्व समाजांतली मुले-मुली आहेत, शेतकऱ्यांची तर पुष्कळच. दुर्दैव असे की वावर ठाऊक असलेला तरुणही टाचण हातात आले की वावराला 'कृषिक्षेत्र' म्हणू लागतो.

मुलांपर्यंत पोचण्याच्या मराठी प्रयोगांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या. पाड्यावरची मुले बालवाडीकडे येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, शिंपले, पाने, बिया हेच साहित्य झाले. पुढे कोसबाडला, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. ताराबाई ज्यांच्याकडून बालशिक्षण शिकल्या त्या भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी १९३२च्या सुमारास 'दिवास्वप्न' लिहिले. छात्राध्यापकांना हे छोटे पुस्तक वाचायला सांगतात, पण त्यातला पहिला दिवस पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. प्रयोग करायला निघालेला तो उत्साही शिक्षक कागदावर बेत आखून चौथीच्या वर्गात जातो, शांततेचा खेळ सुरू करतो, आणि मुले त्याचा पुरता फज्जा उडवतात. त्याला कळते की घरी टिपणे काढणे वेगळे आणि मुलांसमोर उभे राहणे वेगळे. दुसऱ्या दिवशी तो बेत बाजूला ठेवतो आणि गोष्ट सांगू लागतो. मुले ऐकू लागतात, मग मागू लागतात, मग बोलू लागतात. आपल्या व्यवस्थेत त्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी 'पाठ पुन्हा घ्यावा' असा शेरा बसला असता, आणि पुन्हा घ्यायचा तो त्याच टाचणाबरहुकूम.

बेत फसणे आणि बदलणे हेच प्रशिक्षण आहे, ही गोष्ट सूक्ष्म अध्यापनाच्या कल्पनेत मुळात होती. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डला तिची सुरुवात झाली, भारतात बडोद्याच्या प्रगत शिक्षण अभ्यास केंद्रात बी. के. पासी आणि इतरांनी ती आपल्या परिस्थितीत बसवली. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाहणाऱ्यांनी सांगितलेल्या सूचना), बारा मिनिटांत नवे नियोजन, पुन्हा सहा मिनिटे शिकवणे आणि सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र. साधने नसतील तिथेही चालावे म्हणून भारतीय नमुन्यात मुलांच्या जागी सहाध्यायी बसवले गेले. सोय झाली, पण मोठा तोटाही झाला. डी.एल.एड.ची वीस-बावीस वर्षांची मैत्रीण पाचवीतली मुलगी झाल्याचा अभिनय करते आणि मैत्रीण अडचणीत येऊ नये म्हणून हवे तेच उत्तर देते. 'गवत माती खातं' असे ती कधीच म्हणणार नाही. मुलांशी बोलण्याचा सराव मुलांच्या गैरहजेरीत होतो आणि तो झाल्याचे प्रमाणपत्र मिळते.

शाळेत प्रत्यक्ष राहण्याचा काळ कागदावर तरी वाढला आहे. न्या. जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२च्या अहवालानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४चे नियम आणले. बी.एड. दोन वर्षांचे झाले, शाळेतल्या अनुभवाला वीस आठवडे मिळाले, त्यांतले सोळा दुसऱ्या वर्षात. नव्या शैक्षणिक धोरणाने २०३०पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता करण्याचे ठरवले. आठवडे वाढले ही चांगली गोष्ट आहे. पण त्या आठवड्यांत छात्राध्यापक फायली भरतो, रजेवरच्या शिक्षकाचे तास 'सांभाळतो', आणि पाठांची ठरलेली संख्या पुरी करतो. पुढे नोकरीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, १५० बहुपर्यायी प्रश्न. मग अभियोग्यता चाचणी, २०० बहुपर्यायी प्रश्न. खासगी संस्थांच्या मुलाखतीत अध्यापन कौशल्य पाहण्याची सोय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षकाचे मुलाशी बोलणे मात्र निवडीच्या कोणत्याही टप्प्यावर कोणी ऐकलेले नसते. म्हणून प्रशिक्षणात ते ऐकले जाणे जास्तच महत्त्वाचे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की वेळ कुठे आहे. पोर्शन संपवायचा असतो, वर्गात पन्नास-साठ मुले असतात. आक्षेप खोटा नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला असला तरी शहरांतल्या वर्गांचे चित्र वेगळे आहे. तासाभरात साठ मुलांना प्रत्येकी बोलते करणे कोणालाच जमणार नाही. पण सेकंदाऐवजी तीन सेकंद थांबायला पोर्शन आड येत नाही. तासाला दहा प्रश्न विचारले तर वीस सेकंद जास्त लागतात.

तेव्हा आपल्याकडे मागणे थोडेच आहे, आणि त्याला निधी लागत नाही. निरीक्षण पत्रकातले 'आवाज', 'हावभाव', 'फलक लेखन' हे रकाने राहू द्यावेत, पण त्यांच्या शेजारी मार्गदर्शकाने मोजून लिहावे की तासात किती वेगवेगळी मुले बोलली, प्रश्नानंतर छात्राध्यापक किती थांबला, आणि अनपेक्षित उत्तर आल्यावर त्याने काय केले. ज्या पाठात एकही अनपेक्षित उत्तर आले नाही, तो पाठ संशयाने पाहावा. टाचणातल्या विद्यार्थी कृतीच्या रकान्यात एका आदर्श उत्तराऐवजी मुले देऊ शकतील अशी तीन उत्तरे लिहायला लावावीत, त्यांतले किमान एक चुकीचे, आणि त्या चुकीच्या उत्तरानंतर विचारायचा पुढचा प्रश्नही.

दुसरे असे की प्रत्येक छात्राध्यापकाने स्वतःच्या एका पाठातली दहा मिनिटे शाळेच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत, शब्दन् शब्द उतरवून काढावीत आणि मग मुद्रण पुसून टाकावे. आपणच किती बोललो, मुलाचे वाक्य कुठे तोडले, 'समजलं का' किती वेळा म्हटले, हे कागदावर दिसले की मार्गदर्शकाच्या शेऱ्याची फारशी गरज उरत नाही. पहिल्या वर्षाच्या निरीक्षणाच्या आठवड्यांत पाठ न घेता फक्त वर्गात बसून मुलांची नावे, घरची भाषा आणि त्यांचे नेहमीचे शब्द टिपण्याचे काम द्यावे. सूक्ष्म अध्यापनाच्या कौशल्यांत 'ऐकून घेणे' हे एक कौशल्य वाढवावे, आणि त्याचा सराव जवळच्या शाळेतल्या चार-पाच खऱ्या मुलांबरोबर व्हावा. अध्यापक विद्यालय शाळेच्याच आवारात असेल तर त्यासाठी जिना उतरण्यापलीकडे काही करावे लागणार नाही.

मार्गदर्शकांचे काय, हा प्रश्न उरतोच. जे स्वतः चढउताराचे शेरे मिळवत शिक्षक झाले, ते सेकंद मोजायला लगेच तयार होणार नाहीत. त्यांच्यासाठी 'डाएट'मध्ये दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे आणि तेही व्याख्यानांचे नसावे. खऱ्या वर्गाची एक ध्वनिफीत, एक घड्याळ आणि कोरा कागद पुरे.

पुढच्या तुकडीचा छात्रसेवाकाल सुरू होण्याआधी नवे निरीक्षण पत्रक राज्यातल्या सर्व अध्यापक विद्यालयांना पाठवावे आणि वर्षअखेरीला त्या भरलेल्या पत्रकांतून काय दिसले, ते परिषदेने मराठीत जाहीर करावे, ही विनंती.

कळावे.